झाकणावरचा रेडा

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, लोक राजांची नावं विसरत पण डोंगरांची लक्षात ठेवत त्या काळात, एका माळावरच्या गावात एका चितारणीला सलग सात दिवस झोप नव्हती.

तशी काळजी करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लेक शिंकली की ती काढ्याला पाणी ठेवी, आणि लेक शिंकली नाही तर आज ही शिंकली कशी नाही म्हणून तिच्या कपाळाला हात लावून पाही. पण या वेळची काळजी शिंकेएवढी नव्हती. ती अख्ख्या गावाची होती, आणि तिच्या एकटीच्या हातून झालेली होती.

"झोप आता," तिचा नवरा कूस बदलत म्हणाला. तो घोंगड्या विणी, आणि त्याला कुठेही झोप लागे. "चित्रच आहे ते. वाघ नाही."

"वाघ परवडला," चितारीण म्हणाली.

आता ही काय भानगड होती ती ऐका.

हे माळावरचे लोक मूळचे माळावरचे नव्हते. त्यांचं गाव डोंगरापलीकडच्या एका दरीत होतं. बारा वर्षांपूर्वी दरीच्या तोंडाशी दरड कोसळली, नदीची वाट बुजली, आणि आठ दिवसांत सगळी दरी पाण्याने भरून गेली. माणसं आणि गुरं तेवढी वर चढून वाचली. कुणी धान्याचं गाठोडं आणलं, कुणी देव आणले, कुणी जातं पाठीवर घेतलं. चितारीण तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने आणली रंगवलेल्या लाकडी फळ्यांची मोळी. त्या मोळीला लोक पुढे कितीतरी वर्षं हसत होते.

माळावर नवी घरं उभी राहिली. भिंती कोऱ्या होत्या, आणि कोऱ्या भिंतींकडे बघून लोकांना दरी आठवू लागली. म्हणून चितारीण दरीची चित्रं काढू लागली. शांत, निवांत चित्रं. सकाळची नदी. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. संध्याकाळी घराघरातून सरळ वर जाणारा धूर.

पुढे रीतच पडून गेली. नवं घर बांधलं की चुलीसमोरच्या भिंतीवर दरीचं चित्र हवंच. बाळाचं उष्टावण असलं की पहिला घास भरवण्याआधी बाळाला चित्रासमोर धरायचं आणि सांगायचं, "हे बघ, हे तुझं गाव."

पण जो कुणी चित्र सांगायला येई, तो जाताजाता आणखी एक गोष्ट सांगून जाई.

दरीच्या वर एक बोडका, काळाकुट्ट डोंगर होता. निवांत रवंथ करत बसलेल्या रेड्यासारखा दिसे. डोक्यावर दोन सुळके, हुबेहूब शिंगं. गावात त्याला रेडाच म्हणत.

कुंभारकाकू म्हणाली, "अगं, तेवढा रेडा नको हो घालू. सोयरे येतात, विचारतात, तुमच्याकडे सूर्य काय रेड्याच्या पाठीवर बसून येतो का? त्याला जरा झाडंबिडं लाव."

चितारणीने रेड्याला झाडं लावली. त्या झाडांत शिंगं झाकून गेली.

गावातले सगळ्यांत थोर म्हणजे अप्पा. ते म्हणाले, "पोरी, नदी काही एवढी बारीक नव्हती गं."

नदी तेवढीच बारीक होती. उन्हाळ्यात तर शेळीसुद्धा उडी मारून पलीकडे जाई. पण बोलताना अप्पांचे डोळे भरून आले होते. चितारणीने नदी रुंद केली.

तिसरा म्हणाला, "आमच्या दारावरून वाहू दे ना थोडी. चित्रात तर काय, पाणी फुकटच!" चितारणीने नदी उचलून अलीकडे आणली. चौथ्याने देवळाला कळस मागितला. पाचवीने बाभळीच्या जागी आंबा मागितला.

ती लोभी नव्हती हो. लबाडही नव्हती. कुणाचे डोळे भरले की तिच्याआधी तिचा कुंचलाच हो म्हणून टाके, एवढंच.

शेवटी गावाने चावडीसाठी कापडावरचं सगळ्यांत मोठं चित्र सांगितलं. त्यात तिने सगळ्यांचं सगळं घातलं. हिरवा डोंगर, रुंद नदी, कळस, आंबा. इतकं देखणं चित्र तिने आयुष्यात काढलं नव्हतं. आणि त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. डोळे मिटले की तिला दरी दिसेनाशी झाली. चावडीवरचं चित्रच दिसू लागलं.

तेही तिने पचवलं असतं. पण त्या वर्षी दरीच्या तोंडाशी साचलेली माती फुटली, पाणी निघून गेलं आणि दरी उघडी पडली. घरं विरघळून गेली होती. कमरेएवढा गाळ साऱ्या दरीत सपाट बसला होता. माळावरचे लोक बातमी ऐकून निघेपर्यंत पलीकडच्या डोंगराचे लोक गुरं घेऊन खाली उतरलेसुद्धा. त्यांना सगळे पल्याडचे म्हणत.

"दरी आमची आहे," पल्याडचे म्हणाले.

"आमची आहे," माळावरचे म्हणाले.

भांडण राजापर्यंत गेलं. राजा शहाणा होता, आणि थोडा कंटाळलेलाही होता.

"कागद मागितले तर दोघंही आणाल," राजा म्हणाला, "आणि दोघांचेही सारखेच जुने निघतील. त्यापेक्षा असं करा. ज्याची दरी, त्याला तिच्या पोटातलं ठाऊक असणार. गाळाखाली काय आहे आणि कुठे आहे, ते आधी सांगायचं आणि मग खणायचं. दोघांना एकेकच खड्डा. माझा कारभारी बघायला येईल."

माळावर आनंदीआनंद झाला. "पल्याडच्यांकडे काय आहे? नुसती तोंडं! आपल्याकडे चित्र आहे!"

आणि म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, चितारणीला झोप नव्हती. एकच खड्डा होता, आणि तो तिच्या चित्रावरून खणला जाणार होता.

याहून लहान, पण रात्री जास्त टोचणारी अशी आणखी एक काळजी होती. तिची लेक ठकी सात वर्षांची होती. जन्म माळावरचा. दरी तिने पाहिली होती ती चित्रातच. खरी दरी पाहून ठकी म्हणाली, "आई, तू खोटं काढलंस," तर?

रोज सकाळी ती ठरवी, आज अप्पांना सांगून टाकायचं. रोज ती चावडीपर्यंत जाई. तिथे चार माणसं चित्राला नमस्कार करताना दिसली की दूध उतू जाईल असं काहीतरी पुटपुटून परत येई. दूध तर तिने चुलीवर ठेवलेलंच नसे.

ठरलेल्या दिवशी सगळं गाव निघालं. चावडीवरचं चित्र गुंडाळून बांबूला बांधलं होतं आणि दोघेजण ते खांद्यावरून मिरवत नेत होते. चितारणीच्या डोक्यावर भाकऱ्यांची पाटी आणि काखेत लोणच्याची बरणी होती. ठकीच्या हातात पाण्याचा तांब्या होता, घरून निघताना चिंचेने लख्ख घासलेला.

खिंडीत पोहोचल्यावर खाली दरी दिसली. तपकिरी, सपाट, गप्प. नदी एका कडेने, दगडी पात्रातून, दोरीसारखी बारीक वाहत होती. आणि वर तो बसला होता. बोडका, काळाकुट्ट, दोन शिंगांचा.

चितारीण डोंगराकडे न बघता ठकीच्या तोंडाकडे बघत होती. ठकीने डोंगर पाहिला आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी हसली. चितारणीला काही उमगलं नाही. लहान मुलं कशालाही हसतात, असं तिने मनाशी म्हटलं आणि नव्याने काळजी सुरू केली.

पहिली पाळी पल्याडच्यांची. त्यांचा म्होरक्या लांब मिशांचा होता. त्याने छाती पुढे काढून पायाने खूण केली. "इथे आमच्या गुरांना पाणी पाजायची दगडी डोण आहे. आमच्या आज्यापणज्यांची."

त्यांनी खणलं. गाळ निघाला. आणखी गाळ निघाला. मग एक बेडूक निघाला.

"हा तुमच्या आज्यापणज्यांचा का?" कारभाऱ्याने विचारलं. हा कारभारी म्हातारा होता आणि मोजकंच बोले.

मग माळावरच्यांची पाळी आली. अप्पांनी चित्र उलगडलं. सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे.

"डोंगर हाच ना?" कारभाऱ्याने विचारलं.

"हाच हाच," अप्पा म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता. "देऊळ नदीच्या या अंगाला. आंब्याच्या समोर."

"या अंगाला कुठे? त्या अंगाला!" कुंभारकाकू म्हणाली. "आमच्या भिंतीवर बघा. देऊळ त्या अंगाला आहे."

"तिथे तर आमचा गोठा होता, काकू!"

"गोठा? अरे, तुमच्या दारावरून तर नदी वाहते!"

ज्याच्या भिंतीवर जसं होतं, तसं त्याला आठवत होतं. पंधरा माणसं पंधरा दिशांना बोटं दाखवू लागली. पल्याडचा म्होरक्या मिशीवर हात फिरवत म्हणाला, "फार सुंदर गाव आहे हो तुमचं. कुठे आहे म्हणालात?"

अप्पा लालबुंद झाले. "बस्स झालं! चावडीच्या चित्रात देऊळ जिथे आहे तिथेच खणायचं. घ्या रे कुदळी!"

कुदळी वर उचलल्या गेल्या.

"थांबा," चितारीण म्हणाली.

आपलाच आवाज इतका मोठा निघालेला पाहून ती दचकली. पण निघालाच होता, तर तिने तो परत घेतला नाही.

"चित्र खोटं आहे. डोंगर हिरवा नव्हता. नदी रुंद नव्हती आणि या बाजूला नव्हती. देवळाला कळस नव्हता. हे सगळं मी घातलंय."

मग कुंभारकाकूच पुढे आली. "अगं पण... आम्हीच सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं, काकू. पण कुंचला माझ्या हातात होता."

अप्पा मटकन खाली बसले. "बारा वर्षं," ते म्हणाले. "बारा वर्षं आम्ही पोरांना वर उचलून काय दाखवलं मग?"

कारभाऱ्याने आपल्या सावलीकडे पाहिलं. "ऊन उतरेपर्यंत मी थांबतो. तोवर खड्डा कुठे ते ठरवा. नाही ठरलं, तर राजाला मी तसं सांगेन. आणि कुणी भाकरी आणली असेल तर मला भूक लागली आहे."

भाकरी वाढणं हे एक काम तरी आपल्याला धड जमेल, असं म्हणत चितारणीने पाटी उघडली. बरणीवरची फळी काढून बाजूला ठेवली, खालचा फडक्याचा दादरा सोडला आणि कारभाऱ्याच्या भाकरीवर लोणच्याची फोड वाढली.

ठकीने ती फळी उचलली.

"आई, मग हे तर खरं आहे ना?"

"कोणतं गं?"

"हे. हे तर तुझ्याकडे कुणी मागितलंच नव्हतं."

चितारणीने फळी हातात घेतली. पुरातून आणलेल्या मोळीतली ती एक. त्या फळ्यांना कोण विचारणार! घरात बरण्या होत्या आणि झाकणं नव्हती, म्हणून एकेक फळी एकेका बरणीवर गेली होती. रोज वापरली जाणारी वस्तू कुणी बघतं थोडीच. पण ठकीचं डोकं बरणीएवढ्या उंचीवर होतं. ती बघत आली होती.

फळीवर एक तांब्या होता. काळ्या दगडी ओट्यावर ठेवलेला, शेजारी तीन उंबरं आणि दांडा तुटलेली पळी. बाकी काही नाही. आणि तांब्याच्या लख्ख फुगीर पोटात, अंगठ्याएवढा, एक रेडा बसला होता.

चितारणीला बाप आठवला. तोही चितारी होता. ती बारा वर्षांची असताना तो तिला रोज ओट्यासमोर बसवी, एक भांडं पुढे ठेवी आणि म्हणे, "जे दिसतंय ते काढ. जास्त नाही, कमी नाही. जास्त काढलंस की हात खोटं बोलायला शिकतो." आणि तिने दिसलं ते काढलं होतं. तांब्या दिसला, तांब्या काढला. तांब्यात डोंगर दिसला, डोंगर काढला. शिंगं काढली. दोन शिंगांच्या बरोबर मधोमध, दूर मागे उभा असलेला सुईसारखा सुळका काढला. खाली नदी, नदीत घराएवढा पांढरा धोंडा, बरोबर डाव्या शिंगाच्या खाली. ओट्याच्या कडेला उडालेला टवकासुद्धा काढला होता.

"अहो कारभारी," ती म्हणाली, आणि या वेळी तिला आपला आवाज ओळखीचा वाटला, "डोंगर जिथून असा दिसतो, तिथे आमचं घर आहे."

भाकरी तशीच ठेवून माणसं उठली. सगळे रेड्याकडे तोंड करून दरीभर हिंडू लागले. धोंडा डाव्या शिंगाखाली आला की सुळका शिंगामागे लपे. सुळका मधे आला की धोंडा सरके. इकडे जा, तिकडे जा, काही केल्या दोन्ही जमेनात. पल्याडचे पुन्हा हसू लागले. ऊनही उतरू लागलं होतं.

चितारणीने फळी पुन्हा डोळ्यांजवळ धरली. हेही खोटंच निघालं की काय? बारा वर्षांची पोर ती, तिचा काय भरवसा! मग तिने स्वतःलाच दटावलं. नाही. त्या पोरीला अजून खोटं काढता येत नव्हतं. ते आपण नंतर शिकलो. मग तीच चुकली नसेल, तर चुकतंय कोण?

आणि तिला आठवलं. समोर दरी असली की लेकीचं लक्ष उडतं, म्हणून बाप तिला दरीकडे पाठ करून बसवायचा.

"ठकी, तांब्या घेऊन ये!" ती ओरडली. "तुम्ही सगळे समोर बघताय. मी पाठ करून बसले होते. हे तांब्यातलं आहे, डावं ते उजवं झालंय!"

मग काय विचारता! तांब्या समोर धरायचा, त्याच्यापुढे ठकीला रेड्याकडे पाठ करून बसवायचं आणि तांब्याच्या पोटात बघायचं. दहा पावलं नदीकडे. पाच पावलं मागे. ठकी बसे, उठे, पुन्हा बसे, आणि तिला याची फार मजा वाटत होती. शेवटी ती एका ठिकाणी बसली आणि उठायलाच तयार होईना.

"बसला," ठकी म्हणाली. "रेडा बसला."

कारभारी गुडघ्यावर वाकला. एका हातात फळी, समोर तांब्या. शिंगांच्या मधोमध सुळका. डाव्या शिंगाखाली धोंडा. आणि तांब्याच्या पोटात एक लहानसं काळं डोकं. फळीवरही ते होतं. इतकी वर्षं चितारणीला तो शाईचा डाग वाटत आला होता. ती स्वतः होती ती.

"इथे काय आहे खाली?" कारभाऱ्याने विचारलं.

"ओटा. काळ्या दगडाचा. उजव्या कडेला टवका उडालाय, फळीवर दिसतोय तसा."

"विचार कर. एकच खड्डा आहे."

"एकच पुरे," चितारीण म्हणाली.

अप्पांनी स्वतः कुदळ घेतली. गाळ निघाला. आणखी गाळ निघाला. मग खणकन आवाज आला. हातांनी माती बाजूला केली तर काळा दगड, आणि उजव्या कडेला टवका. ठकीने त्यात अंगठा घालून पाहिला. बरोबर बसला.

पल्याडच्या म्होरक्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं. "खरं सांगू का बाई? आमची डोण इथेच आहे असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आम्ही एकमेकांना तेच सांगत आलो."

त्याचं म्हणणं त्या गर्दीत चितारणीइतकं दुसऱ्या कुणालाच पटलं नसेल. "असं होतं खरं," ती म्हणाली.

कारभाऱ्याने फळी आपल्या उपरण्याला पुसली. उपरण्यावर तेलाचा पिवळा डाग पडला, तो त्याने तसाच राहू दिला. "ही राजाच्या दप्तरात जाईल," तो म्हणाला. "दरी यांची. आणि लोणचंही चांगलं होतं."

अशी दरी ज्यांची त्यांना मिळाली. त्या ओट्यापासून पावलं मोजत मोजत लोकांनी देऊळ शोधलं, मग चावडी, मग एकेक करून सगळी घरं. नवी चावडी उभी राहिली तेव्हा चितारणीने नवं चित्र काढायला घेतलं. कुंभारकाकू बघायला आली, थोडा वेळ घुटमळली आणि म्हणाली, "रेड्याला एखादं झुडूप..." मग चितारणीकडे बघून तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "राहू दे गं. त्याच्याच शिंगांनी घर सापडलं."

दरीतलं पहिलं उष्टावण झालं तेव्हा बाळाला आधी चित्रासमोर धरलं, आणि मग दाराबाहेर नेऊन डोंगर दाखवला. बाळाने दोन्हीकडे सारख्याच गंभीरपणे पाहिलं. त्याला काही फरक दिसला नाही. अप्पा मात्र बराच वेळ डोळे पुसत होते, आणि या वेळी चितारणीचा कुंचला जागचा हलला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने ठकीला जवळ घेतलं. इतके दिवस ठरवून ठेवलेलं एक वाक्य तिला लेकीला सांगायचं होतं, आणि ते आज नीट जमलं.

"लक्षात ठेव हं ठके. आपला मुलूख नटवून दाखवला तर तो कुणाचाही वाटतो. जसा आहे तसा दाखवला, तरच तो आपला राहतो."

ठकीने सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली आणि म्हणाली,

"ते खरं गं आई, पण राजा आपलं झाकण परत कधी देणार? लोणच्याला मुंग्या लागल्यात."